बूट होताना रँडम नंबर जनरेटरला सीड कसं मिळतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणारे, छोट्या उपकरणांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आणि व्हर्च्युअल मशीनच्या इमेज बनवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक लिनक्सची आहेत, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी आहे. अडचण मात्र सगळ्याच प्रणालींची आहे.

संगणकाला स्वतःहून रँडम आकडा का काढता येत नाही? सीड कशाला लागतं?

प्रोसेसर सांगितलं तेच करतो. आज्ञा तीच आणि डेटा तोच असेल, तर उत्तरही तेच येणार. हजार वेळा विचारलं तरी तेच. आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो तो याच गुणामुळे, आणि रँडम आकडे काढताना आडवा येतो तोही हाच गुण.

म्हणून सॉफ्टवेअरमधला जनरेटर म्हणजे खरं तर एक न संपणारा हिशेब असतो. सुरुवातीला एक गुप्त आकडा घ्यायचा, त्यावर ठरलेली प्रक्रिया करत राहायचं आणि आकड्यांची रांग बाहेर काढायची. तो सुरुवातीचा आकडा म्हणजे सीड. रांग बघणाऱ्याला कितीही विस्कळीत वाटली, तरी ज्याच्या हाती सीड आहे त्याच्या हाती ती सगळी रांग आहे, पुढे येणारे आकडेसुद्धा.

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, २०१६ साली आलेल्या ४.८ आवृत्तीपासून या हिशेबासाठी चाचा२० हा सायफर (मजकूर गुप्त करण्याची पद्धत) वापरतो. तो भक्कम आहे. रँडम आकड्यांच्या बाबतीत प्रत्यक्षात जे गोंधळ झाले, त्यांतल्या बहुतेकांत गणिताला कुणी हात लावलेला नव्हता. सीडच कच्चं होतं.

मग बूट होतानाच एवढी काळजी कशाला? नंतर आपोआप सुधारत नाही का?

सुधारतं. चालू असलेल्या मशीनवर सतत काहीतरी घडत असतं. नेटवर्कवरून पॅकेट येतात, डिस्क उत्तर देते, कुणी कळ दाबतं. या घटना नेमक्या कुठल्या नॅनोसेकंदाला घडल्या हे बाहेरच्याला सांगता येत नाही. कर्नल ते क्षण टिपतो आणि एकत्र घुसळून आपल्या पूलमध्ये, म्हणजे साठ्यात, टाकतो. थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये लिनक्ससाठी जनरेटर लिहिला तो याच कल्पनेवर, आणि ती आजही चालते.

पण वीज लावल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत यातलं काहीच घडलेलं नसतं. रॅम कोरी असते, नेटवर्क अजून उठलेलं नसतं, कळफलक बऱ्याच उपकरणांना नसतोच. एकाच मॉडेलची दोन उपकरणं या टप्प्यावर जवळजवळ जुळी असतात: तोच फर्मवेअर, त्याच क्रमाने तेच ड्रायव्हर, जवळपास त्याच वेळा.

आणि माहिती गुप्त ठेवणाऱ्या सगळ्यात महत्त्वाच्या चाव्या नेमक्या याच सेकंदांत बनतात. पहिल्यांदा बूट होताना एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा) आपली होस्ट की, म्हणजे ओळख पटवणारी चावी, बनवतो, वेब इंटरफेस सुरक्षित जोडणीसाठी आपलं टीएलएस सर्टिफिकेट बनवतो, आणि त्या चाव्या मग वर्षानुवर्षं बदलल्या जात नाहीत. दहा मिनिटांनी जनरेटर उत्तम चालू लागला तरी आधी बनलेली चावी कच्चीच राहते. या पानावरचं सगळं या एका विसंगतीभोवती फिरतं: मशीनपाशी रँडमपणा सगळ्यात कमी असतो तेव्हाच तिच्याकडे तो सगळ्यात जास्त मागितला जातो.

घड्याळातली वेळ सीड म्हणून घेतली तर? ती तर दर क्षणाला बदलते.

बदलते, पण ती गुप्त नसते. हिशेब करून बघू. तुमची चावी अमुक दिवशी बनली एवढंच हल्लेखोराला माहीत आहे असं धरा. एका दिवसात सेकंद ८६,४००. म्हणजे वेळ सेकंदांत घेतली तर शक्यता तेवढ्याच, जेमतेम १७ बिट. त्यात प्रोसेसचा क्रमांक मिसळू. लिनक्सवर बरीच वर्षं त्याची नेहमीची मर्यादा ३२,७६८ होती. गुणाकार येतो २८३ कोटींच्या आसपास. आकडा मोठा दिसतो, पण सेकंदाला एक कोटी शक्यता तपासणाऱ्या संगणकाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

हे कागदावरचं गणित नाही. १९९५ मध्ये इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरचं सीड उलगडून दाखवलं, तेव्हा त्यात होतं काय? वेळ, प्रोसेसचा क्रमांक आणि तिच्या पालक प्रोसेसचा क्रमांक. १९९९ मध्ये ऑनलाइन पोकरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये पत्ते पिसण्यासाठी मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद सीड म्हणून वापरल्याचं उघड झालं. ५२ पत्ते लावण्याचे प्रकार आठावर सदुसष्ट शून्यं एवढे आहेत. त्या खेळात दिवसभरात फार तर ८ कोटी ६४ लाख प्रकार निघू शकत होते. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की शक्यता दोन लाखांवर यायच्या, आणि मोजके उघडे पत्ते बघून बाकी सगळ्यांचे पत्ते ओळखता यायचे.

बूटच्या वेळी तर वेळेचा आधार आणखी कच्चा असतो. अनेक स्वस्त बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. ते दर वेळी १ जानेवारी १९७० पासून किंवा फर्मवेअर बनवल्याच्या तारखेपासून सुरुवात करतात.

वेळ पूलमध्ये मिसळायला हरकत नाही, उलट मिसळावीच. तिला गुप्त आकडा समजून मोजू नये, एवढंच.

मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता), सिरीयल नंबर यांचं काय?

तेच उत्तर. त्यांच्यामुळे दोन उपकरणं एकमेकांपासून वेगळी होतात, आणि तेवढाही फायदा छोटा नाही. कर्नल त्यांना मिसळतो, पण त्यांचा एकही बिट हिशेबात धरत नाही, म्हणजे त्यांच्यामुळे गुप्तता वाढली असं मानत नाही. मॅक ॲड्रेस त्याच नेटवर्कवरच्या प्रत्येकाला दिसतो आणि सिरीयल नंबर खोक्यावर छापलेला असतो.

एन्ट्रॉपी किती लागते? आणि ती थोडी थोडी आली तर चालत नाही का?

एन्ट्रॉपी म्हणजे हल्लेखोराच्या नजरेतून किती शक्यता उरतात त्याचं माप. एक बिट म्हणजे दोन शक्यता, आणि प्रत्येक नव्या बिटाने शक्यता दुप्पट. आजच्या लिनक्समध्ये पूलमध्ये २५६ बिट जमले असा अंदाज आला की जनरेटर तयार झाला असं मानतात. त्यानंतर तो किती आकडे देईल याला व्यवहारात मर्यादा नाही. पूर्वी 'एन्ट्रॉपी संपली' असं ऐकू यायचं. ती कल्पना विसरलेली बरी. एकदा नीट सीड मिळालेला जनरेटर आटत नाही.

थोडी थोडी एन्ट्रॉपी देण्यात मात्र एक फार महत्त्वाची मेख आहे, आणि ती अनेक अनुभवी लोकांच्याही लक्षात येत नाही. समजा २५६ बिट यायचे आहेत, पण ते ८-८ बिटांच्या ३२ हप्त्यांत येतात, आणि प्रत्येक हप्त्यानंतर जनरेटर काही आकडे बाहेर देतो. हल्लेखोर पहिल्या हप्त्यानंतरचे आकडे बघून २५६ शक्यता तपासतो आणि पूलची स्थिती ओळखतो. दुसऱ्या हप्त्यानंतर पुन्हा २५६. असे ३२ वेळा केले की एकूण ८,१९२ प्रयत्न झाले आणि सगळा पूल त्याच्या हाती आला. तेच २५६ बिट एकगठ्ठा दिले असते, तर विश्वाचं वय पुरलं नसतं.

म्हणून चांगला जनरेटर पुरेसं जमेपर्यंत काहीही देत नाही. बूटच्या वेळी थांबून राहणारा प्रोग्रॅम दिसला की लोक वैतागतात. तो प्रोग्रॅम का थांबला आहे, ते या हिशेबात आहे.

सीड कमी पडलं तर प्रत्यक्षात काय बिघडतं?

सगळ्यात बोलका पुरावा २०१२ चा आहे. नादिया हेनिंगर, झाकीर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी इंटरनेटवर उघड्या दिसणाऱ्या टीएलएस आणि एसएसएच यंत्रांच्या सार्वजनिक चाव्या गोळा केल्या आणि एकमेकींशी ताडून पाहिल्या. टीएलएसच्या ०.५० टक्के यंत्रांच्या आरएसए प्रकारच्या खासगी, म्हणजे गुप्त ठेवायच्या, चाव्या त्यांना काढता आल्या. एसएसएचच्या १.०३ टक्के यंत्रांच्या डीएसए या दुसऱ्या प्रकारच्या खासगी चाव्याही मिळाल्या. यंत्रं बहुतेक राउटर, फायरवॉल अशी छोटी उपकरणं होती. मूळ शोधताना ते बूटच्या वेळेपाशीच येऊन थांबले: पुरेशी एन्ट्रॉपी जमण्याआधीच चावी बनवली गेली होती.

चावी कशी निघते ते छोट्या आकड्यांवर करून बघा. आरएसएची सार्वजनिक चावी म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार. जुळ्या उपकरणांत जनरेटर सारख्याच स्थितीत सुरू होतो, म्हणून पहिली मूळ संख्या दोघांना तीच मिळते, समजा ८९. ती शोधेपर्यंत एखादा पॅकेट येतो, पूल थोडा बदलतो आणि दुसरी संख्या वेगळी निघते: एकाला ९७, दुसऱ्याला १०३. चाव्या झाल्या ८६३३ आणि ९१६७. वरवर बघता दोन्ही वेगळ्या आणि ठीकठाक. आता यांचा मसावि काढू, शाळेत शिकलो तसाच. ९१६७ मधून ८६३३ गेले, उरले ५३४. ८६३३ ला ५३४ ने भागलं, बाकी ८९. ५३४ ला ८९ ने निःशेष भाग जातो. मसावि ८९. तीन पायऱ्यांत दोन्ही चाव्या फुटल्या.

खऱ्या चाव्या शेकडो आकडी असतात आणि एकटी चावी फोडणं अशक्यप्राय असतं. पण मसावि काढायला कितीही मोठे आकडे असले तरी संगणकाला क्षणभर पुरतो. ही पद्धत युक्लिडची, दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी. तिच्यापुढे चावीची लांबी दुप्पट करून काही मिळत नाही.

दुसरं उदाहरण डेबियन या लिनक्स प्रणालीचं. २००६ मध्ये तिच्यातल्या ओपनएसएसएल या चाव्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक ओळ काढली गेली आणि सीडमध्ये फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत त्या प्रणालींवर बनलेली प्रत्येक चावी एका प्रकाराच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२,७६८ चाव्यांपैकी एक होती. दोष बूटचा नव्हता, परिणाम तोच होता. आणि चाव्या तर दिसायला निर्दोष होत्या. दोन वर्षं कुणाला शंका आली नाही ती त्यामुळेच.

मागच्या वेळचं सीड फाइलमध्ये जपून ठेवतात म्हणे. ते कसं चालतं?

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंद होण्याआधी मशीनपाशी उत्तम जनरेटर असतो. त्याच्याकडून २५६ किंवा जास्त बिट घेऊन डिस्कवर ठेवायचे आणि पुढच्या बूटला लगेच पूलमध्ये टाकायचे. काल जमवलेलं आज उपयोगी पडतं. ओपनबीएसडीमध्ये तर बूटलोडरच ही फाइल वाचून कर्नलच्या हाती देतो, त्यामुळे कर्नल पहिल्या क्षणापासून तयार असतो. फ्रीबीएसडीतही लोडर हे काम करतो. विंडोज आपलं सीड रजिस्ट्रीत ठेवतो. लिनक्सवर सिस्टमडी (बूट होताना सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याची रँडम-सीड नावाची सेवा ते बघते.

पथ्य एकच, पण ते कडक आहे: एक सीड एकदाच वापरायचं. आणि इथे कामांचा क्रम चुकला की पथ्य मोडतं. समजा फाइल वाचली, पूलमध्ये टाकली, चावी बनवली, आणि नवं सीड लिहायचं ठरवलं ते मशीन बंद होताना. मध्येच वीज गेली. पुढच्या बूटला तीच जुनी फाइल, तेच जुने आकडे.

बरोबर क्रम असा: फाइल वाचा. वाचल्याबरोबर ती पुसा किंवा नव्याने लिहा, आणि एफसिंक करून बदल खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करा. त्यानंतरच त्या सीडची एन्ट्रॉपी हिशेबात धरा. नवं सीड लिहिताना जुन्या सीडचं हॅश (ज्यावरून मूळ आकडा उलट काढता येत नाही असा ठसा) त्यात मिसळा, म्हणजे जनरेटर अजून कच्चा असला तरी जुन्यातलं बळ वाया जात नाही. जेसन डोनेनफेल्ड यांचा सीडआरएनजी हा छोटा प्रोग्रॅम अगदी याच शिस्तीने लिहिलेला आहे आणि बिझीबॉक्स या छोट्या उपकरणांसाठीच्या आज्ञांच्या संचातही त्याची आवृत्ती आहे. सिस्टमडी नसलेल्या छोट्या उपकरणांत मी तोच वापरतो.

आणखी एक बारकावा. लिनक्सवर यूरँडम या, कर्नलचे रँडम आकडे देणाऱ्या, डिव्हाइस फाइलमध्ये सीड नुसतं लिहिलं तर ते मिसळलं जातं, पण हिशेबात धरलं जात नाही. कर्नल थांबायचा तो थांबतोच. हिशेबात धरायचं असेल तर त्यासाठी वेगळी आयओसीटीएल आज्ञा आहे आणि तिला रूटचे अधिकार लागतात. सिस्टमडीही मूळ सेटिंगमध्ये सीड मिसळतो पण हिशेबात धरत नाही. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

एकच इमेज शेकडो उपकरणांवर टाकली तर सीडची फाइलही त्याच्यासोबत जाईल ना?

जाईल, आणि हा माझ्या स्वतःच्या अनुभवातला धडा आहे.

आम्ही छोटी नेटवर्क उपकरणं बनवत होतो. कारखान्यातून येताना सगळ्यांचा आयपी पत्ता एकच ठेवलेला. टेबलावर पहिलं उपकरण तपासून झालं, मी केबल काढली, दुसऱ्याला लावली आणि लॅपटॉपवरून त्याच पत्त्यावर एसएसएच केलं. अशा वेळी एसएसएच मोठ्या अक्षरांत ओरडतं: होस्टची ओळख बदलली आहे, कुणीतरी मध्ये बसलेलं असू शकतं. मी ती जुनी नोंद पुसायच्या तयारीत होतो. काहीच झालं नाही. सरळ पासवर्ड विचारला. मी पासवर्ड टाकलाही, आणि मग हात थांबला. हे गप्प का बसलं?

दोन्ही उपकरणांच्या होस्ट कीचे फिंगरप्रिंट (चावीची छोटी खूण) कागदावर एकाखाली एक लिहून काढले. अक्षर न् अक्षर तेच. मास्टर इमेज घेण्याआधी कुणीतरी ते उपकरण एकदा चालू करून बघितलं होतं, त्या वेळी बनलेल्या चाव्या इमेजमध्ये गोठल्या होत्या आणि प्रत्येक उपकरण त्याच घेऊन बाहेर पडत होतं. आम्ही इमेजमधून चाव्या काढल्या आणि सुटलो असं वाटलं. सीडची फाइल मात्र तशीच राहिली होती. ती एका सहकाऱ्याने पकडली, नाहीतर दुसऱ्यांदा तोच खड्डा, फक्त आता डोळ्यांना न दिसणारा.

तेव्हा इमेज बंद करण्याआधी तीन गोष्टी काढा: एसएसएचच्या होस्ट की, सीडची फाइल आणि मशीन-आयडी. आणि इमेज घेतल्यानंतर ती पुन्हा चालू करून बघायचा मोह झाला, तर ती प्रत फेकून द्या.

सिस्टमडीच्या बूटलोडरने यावर एक चांगला तोडगा काढला आहे. तो डिस्कवरच्या सीडसोबत मदरबोर्डच्या यूईएफआय (बूट करणारं फर्मवेअर) मेमरीतलं एक टोकन मिसळून हॅश करतो. डिस्कची नक्कल झाली तरी टोकन त्या त्या मशीनचं वेगळं असतं, म्हणून निघणारं सीडही वेगळं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये वेगळं काय करावं लागतं?

सुरू होताना आकडे होस्टकडून, म्हणजे ज्या खऱ्या मशीनवर ती चालते तिच्याकडून, घ्या. व्हर्टआयओ-आरएनजी हे उपकरण त्यासाठीच आहे. होस्टपाशी चांगला जनरेटर असतो, तो पाहुण्या मशीनला आकडे पुरवतो. सेटिंगमध्ये एखाद-दुसरी ओळ घालण्याचं काम आहे आणि ते न करण्याला मला तरी काही कारण दिसत नाही.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, हा खरा अवघड भाग. चालत्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला आणि त्यावरून दोन प्रती उठवल्या, तर दोन्हींच्या मेमरीत जनरेटरची स्थिती तीच असते. बूट झालेलंच नसतं, त्यामुळे बूटच्या वेळची कुठलीही व्यवस्था इथे कामाला येत नाही. दोघीही पुढचे आकडे सारखेच देणार. डीएसए सहीत तोच गुप्त आकडा दोन वेगळ्या मजकुरांसाठी वापरला गेला तर साध्या बीजगणिताने खासगी चावी बाहेर येते, आणि स्नॅपशॉटवरून परत उठवलेल्या वेब सर्व्हरबाबत हे करता येतं असं २०१० मध्येच संशोधकांनी दाखवलं होतं.

यासाठी मायक्रोसॉफ्टने व्हीएम जनरेशन आयडी नावाची पद्धत मांडली. १२८ बिटांचा एक ओळखक्रमांक होस्ट पाहुण्याला देतो आणि स्नॅपशॉटवरून उठवताना तो बदलतो. बदल दिसला की कर्नल लगेच नवं सीड घेतो. लिनक्समध्ये हे ५.१८ आवृत्तीत, २०२२ मध्ये आलं. कर्नल सावरला तरी एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःच्या मेमरीत वेगळा जनरेटर चालवला असेल, तर त्याला पत्ता लागत नाही. शक्य तिथे प्रोग्रॅमने थेट कर्नलकडूनच आकडे घ्यावेत असं मी म्हणतो, ते यासाठीही.

प्रोसेसरमध्येच रँडम आकड्यांची आज्ञा असते. मग एवढी उठाठेव कशाला?

इंटेलने २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज प्रोसेसरांत आरडीरँड ही आज्ञा आणली, नंतर सीडसाठी आरडीसीडही आली. ज्या मशीनवर ती आहे तिथे बूटचा प्रश्न जवळपास सुटतो. लिनक्समध्ये २०१८ पासून एक सेटिंग आहे: प्रोसेसरवर विश्वास ठेवून त्याचे बिट हिशेबात धरायचे की नुसते मिसळायचे.

विश्वास ठेवावा का? चिप सीलबंद असते, आत काय चाललंय ते तपासता येत नाही, ही शंका रास्त आहे. त्याहून साधी गोष्ट म्हणजे चिप बिघडू शकते. २०१९ मध्ये एएमडीच्या काही प्रोसेसरांत आरडीरँड प्रत्येक वेळी सगळे बिट एकच असलेला तोच आकडा देत होती आणि वर 'आकडा व्यवस्थित मिळाला' असंही कळवत होती. त्यामुळे काही लिनक्स मशीन बूटच होईनात. पुढे बायोस बदलून ते दुरुस्त झालं.

माझं मत: आरडीरँड जरूर वापरा, एकटी वापरू नका. चांगल्या हॅशमधून अनेक स्रोत एकत्र केले की त्यातला एक जरी खरा असेल तरी निकाल सुरक्षित राहतो. फ्रीबीएसडीने २०१३ मध्ये हाच निर्णय घेतला आणि चिपचे आकडे थेट न देता आपल्या पूलमधून फिरवूनच द्यायचं ठरवलं.

प्रोग्रॅमने आकडे कुठून घ्यावेत: डेव्ह-रँडम, डेव्ह-यूरँडम की गेटरँडम?

गेटरँडम. ही सिस्टम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली थेट मागणी) लिनक्स ३.१७ मध्ये, २०१४ साली आली. जनरेटर तयार होईपर्यंत ती थांबते, एकदा तयार झाला की पुन्हा कधी थांबत नाही. आपल्याला हवं ते नेमकं हेच.

यूरँडम ही फाइल बूटच्या सुरुवातीलाही थांबत नाही, कच्च्या स्थितीतही आकडे देते, आणि कर्नलच्या लॉगमध्ये फक्त एक इशारा लिहून ठेवते. तो वाचतं कोण? रँडम ही फाइल पूर्वी उगाचच वारंवार अडायची. मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून तीही गेटरँडमसारखीच वागते. जुन्या लेखांत या दोघींबद्दल जे वाद आहेत त्यांतले बरेच आता कालबाह्य झाले आहेत.

बूट मध्येच अडकतं आणि कळफलक बडवला की पुढे सरकतं. हे काय?

कुठला तरी प्रोग्रॅम गेटरँडममध्ये थांबलेला आहे आणि कळांच्या वेळांतून पूल भरतो आहे. २०१९ मध्ये हे गाजलं होतं. एक्सटी४ फाइल प्रणालीत सुधारणा झाली, बूटच्या वेळी डिस्कवरची कामं कमी झाली, त्यामुळे इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला दिलेल्या हाका) कमी झाले, म्हणून एन्ट्रॉपी कमी जमली आणि लॉगिन स्क्रीनच येईना. वेग वाढवणाऱ्या चांगल्या बदलामुळे मशीन अडकलं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ५.३ येण्याआधी तो बदल मागे घेतला, आणि ५.४ मध्ये कर्नललाच सोय दिली: कुणी थांबलंय असं दिसलं तर प्रोसेसरच्या सायकल काउंटरच्या सूक्ष्म हेलकाव्यांतून तो स्वतः एन्ट्रॉपी गोळा करतो. साधारण सेकंदाभरात काम होतं.

त्यामुळे आजच्या कर्नलवर हे दिसलं, तर बहुधा बारीक सायकल काउंटर नसलेला जुना प्रोसेसर आहे किंवा कर्नलच जुना आहे. काहीही असो, यूरँडमकडे वळून अडथळा टाळू नका. अडकलेलं मशीन निदान दिसतं. कच्ची चावी दिसत नाही.

एन्ट्रॉपी पुरवणारे हॅवेज्ड किंवा आरएनजीडी हे प्रोग्रॅम अजून लागतात का?

५.६ नंतरच्या कर्नलवर बहुतेकांना नाही. तिथे ते ठेवून नुकसान नाही, पण ते यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर, उशिरा सुरू होतात. त्याआधी बनलेल्या चाव्यांना त्यांचा काही उपयोग नाही.

माझ्या बोर्डावर ना हार्डवेअर जनरेटर, ना घड्याळ, ना लिहिता येणारी डिस्क. मी काय करू?

आधी पुन्हा एकदा चिपची डेटाशीट बघा. अनेक एसओसींमध्ये (एकाच चिपवरचा सगळा संगणक) जनरेटर असतो, ड्रायव्हर तेवढा कर्नलमध्ये चालू केलेला नसतो. रास्पबेरी पायवर तो आहे. टीपीएम ही सुरक्षेची चिप असेल तर तिच्याकडूनही आकडे घेता येतात.

खरंच काही नसेल तर कारखान्यातच प्रत्येक उपकरणात वेगळं गुप्त सीड घाला. फ्लॅशचे ५१२ बाइट पुरतात. बूटलोडर ते वाचून डिव्हाइस ट्रीच्या (कर्नलला दिल्या जाणाऱ्या हार्डवेअरच्या यादीच्या) चोझन भागात आरएनजी-सीड या नावाने कर्नलला देऊ शकतो. प्रत्येक बूटला एक पुढे जाणारा आकडा त्यासोबत हॅश करा, म्हणजे तेच सीड दोनदा वापरलं जाणार नाही. आकडा मोजण्यापुरतीही लिहायची जागा नसेल, तर चावी उपकरणावर बनवूच नका. ती कारखान्यातल्या चांगल्या मशीनवर बनवून आत घाला.

चावी बनवण्याची वेळ पुढे ढकलणं हाही साधा उपाय आहे. पहिल्या सेकंदाला सर्टिफिकेट बनवण्याऐवजी पहिलं कनेक्शन आल्यावर गेटरँडमने बनवलं, तर तोवर बरंच जमलेलं असतं.

माझ्या मशीनवर जनरेटर कधी तयार होतो ते कसं बघू?

डीमेसेज ही कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा चालवा आणि 'सीआरएनजी इनिट डन' ही ओळ शोधा. तिच्या आधी चौकटी कंसात बूटपासूनचे सेकंद असतात. मग एसएसएच सर्व्हर किंवा चावी बनवणारी सेवा कधी सुरू झाली ते जर्नलमध्ये बघा. सेवा आधी आणि ही ओळ नंतर असेल, तर ती सेवा आकडे कुठून घेते ते शोधून काढा. यूरँडममधून घेत असेल तर त्या चाव्या आजच बदला. 'अनइनिशियलाइज्ड यूरँडम रीड' असा इशारा दिसला तर त्यात प्रोग्रॅमचं नावही असतं.

दुसरी तपासणी त्याहून साधी. दोन नवी उपकरणं पहिल्यांदा सुरू करा, होस्ट कीचे फिंगरप्रिंट ताडून बघा. मग दोघांच्या आरएसए चाव्यांचा मसावि काढा. तो १ आला पाहिजे. शक्य असेल तर दोन नव्हे, वीस उपकरणांवर करा.

चाचणीसाठी मी मुद्दाम सीड ४२ ठेवतो. ते चुकीचं आहे का?

अजिबात नाही. सिम्युलेशन आणि चाचण्यांत तेच निकाल पुन्हा मिळायला हवेत, म्हणून ठरलेलं सीड हवंच. फक्त तो जनरेटर आणि चाव्या बनवणारा जनरेटर वेगळे ठेवा. मर्सेन ट्विस्टर हा जनरेटर सिम्युलेशनला छान आहे, पण त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे बघितले की पुढचे सगळे सांगता येतात.

प्रोग्रॅममध्ये मी सुरुवातीला गेटरँडमने सीड घेतो आणि पुढे माझाच जनरेटर चालवतो. फोर्क केल्यावर, म्हणजे प्रोसेसची प्रत काढल्यावर, काय होतं?

मुलाच्या मेमरीत त्याच स्थितीची नक्कल जाते आणि आई-मूल दोघंही तेच आकडे देऊ लागतात, स्नॅपशॉटसारखंच. फोर्कनंतर मुलात नव्याने सीड घ्या, किंवा स्वतःचा जनरेटर काढून टाका आणि दर वेळी कर्नलला विचारा. १६ किंवा ३२ बाइटांसाठी लागणारा वेळ बहुतेक प्रोग्रॅमांत मोजूनही दिसत नाही.